दुसऱ्यांच्या आज्ञावल्यांची राखण

संगणकाची स्मृती, पडदा, कळफलक आणि साठवण यांचे व्यवहार चालवणारी कार्यप्रणाली एकटी फारशी उपयोगाची नसते, कारण लेखन, हिशेब, चित्रांकन किंवा नकाशे यांसाठी लागणाऱ्या आज्ञावल्या बहुधा दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेल्या असतात. ज्यांचा मूळ मजकूर कोणालाही वाचता आणि बदलता येतो अशा मुक्तस्रोत कार्यप्रणालींनी या परक्या आज्ञावल्या एकत्र करून त्यांचे भांडार सांभाळण्याची पद्धत रुजवली. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी सुरू केलेल्या डेबियन या प्रकल्पाच्या ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीत ६९ हजारांहून अधिक पॅकेजे, म्हणजे बसवण्यासाठी सिद्ध केलेले आज्ञावलींचे संच, आहेत आणि त्यांची निगा राखणारे मेंटेनर प्रामुख्याने स्वयंसेवक आहेत.

हे काम मराठी वाचकाच्या किती जवळचे आहे, ते एका अक्षरावरून दिसते. नाशिकमधील एखाद्या कार्यालयातील डेबियनवर चालणाऱ्या संगणकावर सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ हे दोन शब्द वेगळे दिसायचे असतील, तर त्यामागे अनेक स्वतंत्र प्रकल्पांची साखळी नीट जुळलेली असावी लागते. अक्षरांचे आकार लोहितसारख्या फॉन्टमधून येतात; संकेतांच्या क्रमावरून जोडाक्षराचा योग्य आकार निवडण्याचे काम हार्फबझ करते, त्याची रेषाकृती फ्रीटाइप उमटवते आणि हे सारे लिब्रेऑफिससारख्या लेखनाच्या आज्ञावलीत एकत्र येते. लोहित फॉन्ट रेड हॅट कंपनीने खुले केले, तिच्या पुण्यातील अभियंत्यांनी ते अनेक वर्षे सांभाळले आणि २०११ पासून ते फॉन्टसाठीच घडवलेल्या अधिक सोयीच्या मुक्त परवान्याखाली मिळू लागले. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदी छपाईत रूढ असलेल्या वळणांहून निराळी असल्यामुळे तीही वेगळी जपावी लागतात. या साखळीतील प्रत्येक प्रकल्प आपापल्या गतीने नवी आवृत्ती काढतो, आणि एका कडीतील बदलाने दुसरी निखळू नये याची काळजी मेंटेनरला घ्यावी लागते.

त्याचे काम मूळ लेखकाने प्रसिद्ध केलेली संहिता मिळवण्यापासून सुरू होते. तीत वाटेत कोणी फेरफार केलेला नाही ना, हे तिच्या आशयावरून गणिताने काढलेल्या आकड्याशी किंवा लेखकाच्या डिजिटल स्वाक्षरीशी ताडून पाहिले जाते. त्यानंतर प्रत्येक फाइलचा परवाना वाचावा लागतो, कारण पुनर्वितरणाची किंवा बदलाची मुभा नसलेली एक फाइलही संपूर्ण पॅकेज मुख्य भांडाराबाहेर ठेवण्यास पुरेशी ठरते. मग ती आज्ञावली कशावर अवलंबून आहे, कशी बांधायची आणि कोणत्या फाइली कोठे ठेवायच्या याची कृती लिहून वेगवेगळ्या जातींच्या प्रोसेसरवर ती खरोखर बांधली जाते का, हे पाहिले जाते. नवख्याचे पॅकेज एखाद्या अधिकृत सदस्याने तपासल्यावरच पुढे जाते. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वापरकर्त्याचा विश्वास त्यावरच उभा असतो.

खरी कसोटी मात्र पॅकेज भांडारात गेल्यानंतर लागते. डेबियनची स्थिर आवृत्ती जाहीर झाली की तिच्यातील पॅकेजे सहसा बदलली जात नाहीत, त्यामुळे दोन वर्षांनी एखाद्या आज्ञावलीत सुरक्षेची त्रुटी सापडली तर नवी आवृत्ती सरसकट न आणता तेवढीच दुरुस्ती जुन्या संहितेत बसवली जाते. त्यासाठी दुसऱ्याने लिहिलेली आणि मूळ लेखकानेही मागे टाकलेली संहिता मेंटेनरला बारकाईने समजावी लागते, आणि ही समज अपुरी पडली तर काय होते हे २००८ मध्ये जगाने पाहिले. ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या आज्ञावलीतील काही ओळींबद्दल तपासणीच्या साधनाने तक्रार केली म्हणून डेबियनने २००६ मध्ये त्या काढल्या होत्या. परंतु गुप्त किल्ल्यांना अनिश्चितता पुरवण्याचे काम त्याच ओळींचे होते, आणि त्या गेल्यावर एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीच्या जवळपास ३२ हजारच शक्यता उरल्या. जवळजवळ दोन वर्षे कोणाच्या हे ध्यानात आले नाही, आणि उबुंटूसारख्या डेबियनवर आधारलेल्या प्रणालींनाही त्याची झळ बसली.

मार्च २०२४ मध्ये धोका उलट बाजूने आला. एक्सझेड या संक्षेपणाच्या आज्ञावलीत मूळ प्रकल्पाचा विश्वास दीर्घकाळ कमावलेल्या एका सहभागी व्यक्तीनेच छुपा मार्ग घुसवला होता, आणि तो डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत पोहोचलाही होता. दुसऱ्या संगणकावर प्रवेश घेण्यास सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो सापडला, आणि स्थिर आवृत्ती वाचली. जुन्या संहितेवर टिकून राहण्याच्या धोरणाला मागासलेपण म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा.

भांडार वाढवण्याइतकेच ते छाटणेही देखभालीत मोडते. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीतून सहा हजारांहून अधिक पॅकेजे कालबाह्य म्हणून वगळली गेली. मेंटेनरने जबाबदारी सोडली की पॅकेज अनाथ म्हणून जाहीर होते आणि त्याची यादी सर्वांना खुली असते, म्हणजे कोणालाही ते दत्तक घेता येते. मोठ्या आज्ञावल्यांना वारस लवकर मिळतो. प्रादेशिक लिप्यांचे फॉन्ट आणि शब्दसंग्रह यांना तो मिळणे कठीण, कारण ते बिघडल्याचे त्या भाषेच्या वाचकालाच कळते. त्या वाचकाने ‘दऱ्या’ चुकीचे दिसते अशी नोंद आवृत्तीच्या क्रमांकासह आणि पडद्याच्या चित्रासह पाठवली, तर मेंटेनर आधी दोष फॉन्टचा की आकार निवडणाऱ्या आज्ञावलीचा हे ठरवतो आणि तो योग्य प्रकल्पाकडे पाठवतो. तेथे झालेली दुरुस्ती पुढच्या आवृत्तीबरोबर भांडारात परत येते आणि तेथून नाशिकमधील त्या संगणकापर्यंत पोहोचते.