हातोडा परत देण्याची रीत

दौलताबादच्या किल्ल्यात चाँद मिनार मागे टाकून वर निघाले की खंदकाच्या अलीकडे चिनी महाल लागतो. दर्शनी भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरश्यांचे थोडे तुकडे अजून तग धरून आहेत. बहुतेक लोक इथे रेंगाळत नाहीत; त्यांचे लक्ष मेंढा तोफेकडे आणि अंधारी नावाच्या भुयारी वाटेकडे असते. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा, म्हणजेच तानाशहा, याला औरंगजेबाने याच वास्तूत कैदेत ठेवले होते. १६८७ साली गोवळकोंडा पडला आणि उरलेली बारा-एक वर्षे या माणसाने इथे काढली. त्याची साधीशी कबर जवळच खुलताबादेत आहे.

गोवळकोंडा पडला त्या रात्रीची हकिकत इतिहासकार खाफीखानाने लिहून ठेवली आहे. फितुरीने दरवाजा उघडला, मोगल आत घुसले. तानाशहाने जनानखान्यातल्या बायकांची समजूत घातली आणि दिवाणखान्यात येऊन तो मसनदीवर बसला. पकडायला आलेल्या मोगल सरदार रूहुल्लाखानाचे त्याने रीतसर स्वागत केले. जेवणाची वेळ झाली तसे ताट मागवले, आलेल्यांनाही बसायचा आग्रह केला. अशा वेळी घास उतरतो तरी कसा, असे सरदारांनी विचारले. तर माझी जेवायची वेळ हीच, असे त्याचे उत्तर.

याच तानाशहाने हैदराबादेत बांधलेली गोशामहल बारादरी आज फ्रीमेसन मंडळींच्या ताब्यात आहे. १८७२ साली निजाम सरकारने ती त्यांना दिली. गादीवर होते सहावे निजाम मीर महबूब अली खान, वय वर्षे सहाच्या आसपास, म्हणजे खरा कारभार पहिल्या सालारजंगांचा. दौलताबादही तेव्हा याच राज्यात. राण्यांसाठी उठवलेल्या महालात पुढे फक्त पुरुषांनाच प्रवेश असलेली संस्था नांदावी, यावर तानाशहा नक्की हसला असता.

फ्रीमेसन म्हणजे काय, ते थोडक्यात. पाथरवटांच्या जुन्या संघटनांची हत्यारे आणि भाषा उसनी घेऊन उभे राहिलेले हे बंधुमंडळ. लंडनमध्ये १७१७ साली चार लॉज, म्हणजे स्थानिक शाखा, एकत्र येऊन पहिली ग्रँड लॉज, म्हणजे मध्यवर्ती संस्था, झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांबरोबर हे लोण कलकत्त्याला, मद्रासला, मुंबईला पोचले. गुण्या, कंपास, हातोडा, छिन्नी ही त्यांची चिन्हे. प्रत्यक्षात सभासद असत वकील, लष्करी अधिकारी, डॉक्टर, शेठजी. दगडावर खरोखर छिन्नी चालवणाऱ्यांचे वेरूळ दौलताबादहून अर्ध्या तासावर आहे, पण तिथल्या कारागिरांना एप्रन आणि पांढरे हातमोजे लागले नाहीत.

या संस्थेचा दावा असा, की लॉजच्या दारातून आत आले की सगळे सारखे. आणि तिच्याइतके हुद्दे, पट्टे, पदके मिरवणारी संस्था शोधून सापडणार नाही. साध्या सभासदाच्या एप्रनची किनार फिकी निळी, ग्रँड लॉजच्या अधिकाऱ्याची गडद निळी, वर सोनेरी कलाकुसर. समता आणि सोनेरी झालर एका खोलीत नांदवायची, तर काटेकोर शिष्टाचार हवाच. हा शिष्टाचार सर्वांत कडक आहे तो मोठ्या हुद्द्याचा माणूस दुसऱ्याच्या लॉजमध्ये पाहुणा म्हणून जातो तेव्हा. वरवर पाहता तो त्याच्या सन्मानासाठी आहे. माझ्या मते तो मुख्यतः त्याला आवरण्यासाठी आहे.

दारापासून सुरुवात करू. लॉजच्या बाहेर उघडी तलवार घेऊन उभा असतो तो टायलर. पाहुणा कितीही मोठा असो, नोंदवहीत नाव, हुद्दा आणि आपली लॉज लिहून सही केल्याशिवाय आत जायचे नाही. ओळखीचा कोणी हजर नसेल तर ग्रँड लॉजचे प्रमाणपत्र दाखवायचे, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. लॉजचा मास्टर, म्हणजे अध्यक्ष, त्यालाही नाकारू शकतो, जर त्याच्या येण्याने सभेची शांतता बिघडेल असे वाटले तर. ‘मला ओळखलं नाही का?’ हे वाक्य इथे चालत नाही. जाणते लोक सेक्रेटरीला आधी कळवून, वेळेआधी पोचून हे सगळे गुपचूप उरकतात.

अधिकृत भेट असेल तर थाट वेगळा. ग्रँड लॉजचा अधिकारी पूर्ण पोशाखात येतो, डायरेक्टर ऑफ सेरेमनीज त्याच्या नावाची आणि पदाची घोषणा करतो, सभासद उठून उभे राहतात, मिरवणुकीने त्याला पूर्वेकडे नेले जाते, कारण मास्टरचे आसन पूर्वेला. मग सलाम. इंग्लिश परंपरेत ग्रँड मास्टरला, म्हणजे ग्रँड लॉजच्या प्रमुखाला, अकरा, आणि हुद्दा उतरेल तसे कमी होत होत तीनपर्यंत.

आणि मग येतो हातोड्याचा क्षण. मास्टरच्या हातातला लहानसा लाकडी हातोडा म्हणजे सभेची सत्ता. तो ठोकला की सभा सुरू, ठोकला की गप्प. ग्रँड मास्टर आला तर मास्टर हा हातोडा त्याच्यापुढे धरतो. ग्रँड मास्टरला कोणत्याही लॉजचे अध्यक्षपद स्वतःकडे घेण्याचा अधिकार नियमानेच आहे. पण रीत अशी, की हातोडा घ्यायचा, दोन शब्द बोलायचे आणि तो मास्टरच्या हातात परत द्यायचा. मग त्याच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर मुकाट बसायचे. सत्यनारायणाला आलेल्या व्याह्यांनी यजमानाच्या पाटावर बसायचे नसते, तसेच हे.

बसल्यावर खरी कसोटी लागते. विधी पाठ म्हणायचे असतात आणि तरुण मास्टर अडखळतोच. शेजारी बसलेल्या पाहुण्याला तीस-चाळीस वर्षांचे पाठांतर, ओठ आपोआप हलू लागतात. तरी सांगायचे नाही. आठवण करून देण्याचे काम त्या लॉजने नेमून दिलेल्या माणसाचे. ‘आमच्याकडे असं करत नाहीत’ हे तर सभेत, जेवणात, गाडीत बसतानासुद्धा म्हणायचे नाही. भारतात एकाच शहरात इंग्लिश, स्कॉटिश, आयरिश परंपरेच्या आणि १९६१ साली स्थापन झालेल्या ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या लॉज नांदतात. प्रत्येकीचे विधी थोडे वेगळे. वेदीवर बायबलच्या जोडीला गीता, कुराण, अवेस्ता, गुरुग्रंथसाहिबही ठेवायची इथली पद्धत तर परदेशी पाहुण्याने पाहून शिकायची गोष्ट.

पाहुण्याशी कसे वागावे ते तानाशहाने दाखवले; कसे वागू नये, याचा धडाही आपल्याच मुलखातला आहे. मुंबईच्या माणकजी करसेटजींना इथल्या गोऱ्यांच्या लॉजने दारातच अडवले. ते युरोपात गेले आणि पॅरिसच्या लॉजमध्ये दीक्षा घेऊन आले. आता हा माणूस नियमाने ‘ब्रदर’ होता, तरी मुंबईत त्याला जागा नव्हतीच. शेवटी स्कॉटिश शाखेचे प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यांनी १५ डिसेंबर १८४३ रोजी हिंदी लोकांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही वेगळी लॉज काढली. बर्न्स यांचे कौतुक जरूर करावे. पण समतेच्या संस्थेत वेगळी पंगत मांडावी लागली, हेही विसरू नये. पुढे पारशी पुढाऱ्यांपैकी दादाभाई नौरोजी, फिरोजशहा मेहता अशी नावे फ्रीमेसनांत दिसतात. मुंबईतच जन्मलेल्या लेखक किपलिंगला १८८६ साली लाहोरच्या लॉजमध्ये दीक्षा मिळाली. त्याच्या ‘किम’ कादंबरीत लोक लॉजच्या इमारतीला जादूघर म्हणतात. आत काय चालते ते न दिसल्याने बाहेरच्यांनी भुताखेतांच्या गोष्टी रचल्या, त्यात नवल नाही.

सभा संपत आली की मास्टर तीनदा उठून विचारतो, कोणाला काही सांगायचे आहे का. तिसऱ्या वेळी पाहुण्यांनी आपापल्या लॉजच्या शुभेच्छा द्यायच्या, एका वाक्यात. आठवणी आणि उपदेश इथे आणायचे नाहीत. मोठ्या अधिकाऱ्याला बोलायला मिळते ते नंतरच्या भोजनात, त्याच्या नावाचा टोस्ट झाल्यावर, आणि तिथेही चांगला पाहुणा पाच मिनिटांत बसतो. धर्म आणि राजकारण हे विषय वर्ज्य. दुसऱ्या शाखांची पदके या सभेत छातीवर लावायची नाहीत. स्वयंपाक्यांचे आणि वाढणाऱ्यांचे आभार मानायचे, नवा सभासद असेल तर त्याच्याशी आपणहून बोलायला जायचे. आणि शेवटच्या टोस्टआधीच, फार गाजावाजा न करता निरोप घ्यायचा. मोठा माणूस उठला की पोरांना मोकळेपणी हसता येते, आणि मास्टरलाही कोट काढून बसता येते.