वादळ समुद्रावर, फटका परभणीच्या बाजारपेठेला
गोदाकाठच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी करावयाची तयारी

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. सरळ रेषेत मोजला तरी अरबी समुद्र येथून चारशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि बंगालचा उपसागर त्याहूनही लांब. त्यामुळे चक्रीवादळाची बातमी आली की आपला दुकानदार ती ऐकून सोडून देतो. वादळ कोकणाचे किंवा आंध्र-ओडिशाचे, आपला त्याच्याशी संबंध काय, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज महागात पडणारा आहे.

सन २०२१ चे उदाहरण घ्या. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी 'गुलाब' नावाचे चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. जमिनीवर आल्यावर वाऱ्याचा जोर ओसरला, परंतु ढग आणि बाष्प तसेच पश्चिमेकडे सरकत राहिले. तेलंगणा ओलांडून ते मराठवाड्यावर आले आणि २७ व २८ सप्टेंबरला येथे मुसळधार पाऊस झाला. मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले. पुढे हीच प्रणाली अरबी समुद्रात उतरली, तेथे तिला नवा जोर मिळाला, 'शाहीन' असे नवे नाव मिळाले आणि ३ ऑक्टोबरला ती ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळली. म्हणजे एकाच वादळाने कलिंगपट्टणमचा मच्छीमार, मराठवाड्याचा दुकानदार आणि ओमानमध्ये नोकरीला गेलेला आपला माणूस, तिघांनाही गाठले.

आपल्याकडे वारा नव्हे, पाणी येते

किनाऱ्यावरच्या माणसाला वाऱ्याची भीती असते, आपल्याला पाण्याची असावी. गोदावरी आपल्या जिल्ह्यात पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतून जाते. वरच्या बाजूला पैठणचे जायकवाडी आणि सिंदफणेवरचे माजलगाव ही धरणे आहेत. पूर्णा नदीवर येलदरी आणि दुधनेवर निम्न दुधना आहे. सप्टेंबर अखेरीस ही धरणे बहुधा भरत आलेली असतात. अशा वेळी मोठा पाऊस झाला की पाणी साठवायला जागा नसते, ते सोडावेच लागते. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडले गेले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. यावरून त्या पाण्याची कल्पना यावी.

मुख्य नदी फुगली की तिला मिळणाऱ्या ओढ्या-नाल्यांचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे गावात शिरते. म्हणून नदीपासून दूर असलेल्या सखल पेठेतही दुकानाच्या पायरीला पाणी लागते. समाधानाची बाब एवढीच की पैठणचे पाणी आपल्याकडे क्षणात पोहोचत नाही. मधल्या तासांची सवड मिळते. ती सवड वापरणारा वाचतो.

इशारा कसा वाचावा

भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाचे इशारे चार टप्प्यांत देतो. पहिला साधारण ७२ तास आधी, दुसरा ४८ तास आधी आणि तिसरा २४ तास आधी. हे तिन्ही मुख्यतः किनाऱ्यासाठी असतात. चौथा टप्पा वादळ किनाऱ्यावर येण्याच्या सुमारे १२ तास आधी येतो. जमिनीवर आल्यानंतर वादळ कोणत्या दिशेने जाईल आणि आतल्या जिल्ह्यांत काय होईल, हे त्यात सांगितलेले असते. परभणीच्या व्यापाऱ्याने वाचायचा तो हा चौथा इशारा.

जिल्हावार इशाऱ्यात पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे हालचाल करा. आपला माल नारिंगी रंगालाच हलवलेला बरा, कारण लाल इशाऱ्याच्या वेळी टेम्पो मिळत नाही आणि हमालही मिळत नाही. मोबाईलवर फिरणाऱ्या निनावी संदेशांवर विसंबू नये. धरणाच्या विसर्गाची माहिती तहसील कार्यालयाकडून किंवा १०७७ या जिल्हा नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावरून घ्यावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला शेतकऱ्यांसाठी असला तरी व्यापाऱ्यालाही उपयोगी आहे.

कोकणाने काय शिकवले

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, मुरूड भागातल्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. इशारा वेळेवर मिळाला होता, लोकांना आधीच हलवले होते, म्हणून माणसे मोठ्या संख्येने वाचली. पण घरांचे पत्रे उडाले, कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. त्यानंतर २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची सगळी बाजारपेठ बुडवली. तेथे नुसते फळीवर माल चढवून भागले नाही, कारण पाणी फळ्यांच्याही वर गेले. यातून धडा असा की माल उंच फळीवर ठेवणे ही छोट्या पाण्याची तयारी आहे. मोठ्या पाण्यासाठी माल गावाच्या उंच भागातच हलवावा लागतो. ती जागा कोणाची, भाडे किती, चावी कोणाकडे, हे पावसाळ्यापूर्वीच ठरलेले असावे.

धंद्यानुसार तयारी

कापड दुकानदाराने गठ्ठे भिंतीला टेकवून ठेवू नयेत, भिंतीची ओल आधी त्यांनाच लागते. गादीवाल्या पिंजारी बांधवांनी कापूस जमिनीवर अजिबात ठेवू नये. भिजलेल्या कापसाची किंमत उरत नाही. बेकरीवाल्याने मैदा व साखर सर्वांत आधी उचलावी. शिलाईकाम, गिरणी, वेल्डिंग आणि मोटार रिवाइंडिंग करणाऱ्यांनी मेन स्विच बंद करून यंत्राची मोटार खोलून वर ठेवावी. पाणी गेलेली मोटार सुकवून तपासल्याशिवाय चालू केली की जळते, शिवाय माणसाच्या जिवाला धोका होतो. बागवान बांधवांनी इशारा येताच नवी खरेदी थांबवावी, कारण रस्ते बंद झाले की फळ गाडीतच सडते. गॅरेजवाल्यांनी जुने ऑइल आणि अ‍ॅसिडच्या बॅटऱ्या उंचावर ठेवाव्यात, नाहीतर आपले ऑइल शेजाऱ्याचा माल खराब करते.

कागदपत्रे आणि विमा

पाणी ओसरल्यावर खरी अडचण सुरू होते. माल किती होता याचा पुरावा मागितला जातो आणि स्टॉक रजिस्टर मालाबरोबरच भिजलेले असते. म्हणून उधारीची वही, खरेदीची बिले, दुकानाचा परवाना आणि भाडेकरार यांचे फोटो काढून गावाबाहेरच्या नातेवाइकाच्या मोबाईलवर पाठवून ठेवावेत. इशारा आला त्या दिवशी मालाचेही फोटो काढावेत.

एप्रिल २०२१ पासून पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित विमा पॉलिसी आहे. तिच्यात आगीबरोबर वादळ व पुराचाही समावेश आहे. विम्याविषयी काही बांधवांच्या मनात शंका असते, त्यांनी आपल्या आलिमांना विचारून निर्णय घ्यावा. मात्र कॅश क्रेडिट घेतलेल्यांचा मालविमा बँकेने बहुधा उतरवलेलाच असतो आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. पॉलिसीत दुकानाबरोबर गोदामाचाही पत्ता आहे की नाही, हे आजच पाहावे. सर्व्हेअर येईपर्यंत भिजलेला माल फेकू नये. नष्ट झालेल्या मालावर घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते, हेही हिशेबात धरावे.

सरकारी मदत मिळते, पण ती तुटपुंजी असते. जुलै २०२१ च्या पुरानंतर राज्य शासनाने दुकानदारांना जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीधारकांना जास्तीत जास्त १० हजार रुपये जाहीर केले होते. त्यासाठीही पंचनामा लागतो. ज्याच्याकडे कसलाही परवाना किंवा नोंद नाही, अशा हातगाडीवाल्याचे नाव पंचनाम्यात येणे कठीण जाते.

न भिजलेल्या दुकानाचेही नुकसान

शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक उधारी सोयाबीन आणि कापसाच्या भरवशावर चालते. सप्टेंबर अखेरचा पाऊस नेमका सोयाबीन काढणीच्या तोंडावर येतो. शेंगांना कोंब फुटले की शेतकऱ्याचे पैसे गेले आणि त्याच्यामागोमाग कापडवाल्याचे, चप्पलवाल्याचे, मणियाराचे गेले. दुकानात पाण्याचा थेंब न येताही दुकान बुडते. म्हणून सणाचा माल भरताना सगळी पुंजी एकदम अडकवू नये. थोडा माल आधी घ्यावा, उरलेला पीक घरात आल्यावर घ्यावा. अडचणीतल्या शेतकऱ्याला मुदत द्यावी, पण ती वहीत लिहून द्यावी. घाऊक व्यापाऱ्याशीही मुदतीची बोलणी वादळापूर्वीच करावीत. नुकसान झाल्यावर मागितलेली सवलत मेहरबानी ठरते, आधी ठरवलेली सवलत व्यवहार ठरतो.

ही सगळी तयारी एकट्या दुकानदाराच्या आवाक्यातली नाही. प्रत्येक पेठेतल्या दुकानदारांनी मिळून एक टेम्पो, एक उंच गोदाम आणि रात्री धरणाच्या विसर्गाची खबर ठेवणारी दोन माणसे, एवढी व्यवस्था पावसाळ्यापूर्वी केली तरी पुष्कळ माल वाचेल. खर्च सर्वांत वाटला तर तो जड जाणार नाही.