निवळ पाण्याची पन्हळ

ताक करून ठेवलं की काही वेळानं दाट ताक खाली बसतं. वर निवळ येते. ही निवळ कशी काढायची, हे घरातल्या बाईला सांगावं लागत नाही. ती भांडं एका बाजूला हळूच कलतं करते. घाई केली तर दाट ताकही बरोबर येतं.

पुणे शहराचं पाणी असंच निवळून घ्यावं लागतं. हे पाणी मुख्यतः मुठा नदीवरच्या खडकवासला धरणातून येतं. वर डोंगरात पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणं आहेत. त्यांचंही पाणी खडकवासल्यात उतरतं. पावसाळ्यात त्याबरोबर डोंगराची माती येते आणि पाणी गढूळ होतं. पुढं ते पर्वती, वडगाव, वारजे अशा जलकेंद्रांत जातं.

तिथं आधी पाण्यात तुरटी किंवा तसलंच औषध घालून ढवळतात. मातीचे कण फार बारीक असतात. एकेकटे ते लवकर बसत नाहीत. तुरटीनं ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे कापसासारखे पुंजके होतात. मग पाणी मोठ्या टाकीत जातं. तिथं ते दोन ते चार तास संथ राहतं. पुंजके तळाशी बसतात.

संथ राहतं, पण थांबत नाही बरं का. एकीकडून येत असतं, दुसरीकडून जात असतं. शिवाय एवढी टाकी काही कलती करता येत नाही. मग निवळ काढायची कशी?

त्यासाठी टाकीच्या काठाला पन्हळ बसवतात. घराच्या वळचणीला असते तशीच. तिच्या कडेला करवतीच्या दातांसारख्या खाचा असतात. वर आलेलं निवळ पाणी खाचांतून थोडं थोडं पन्हळीत पडतं. तिथून ते वाळूच्या गाळणीकडं जातं.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? एक मोठं भोक ठेवलं की झालं! तसं केलं तर त्या भोकाशी ओढ फार लागते. बसलेला गाळ पुन्हा उठतो. लांब काठावर पाणी वाटलं की ओढ कमी होते. एक मीटर म्हणजे दोन हातांहून थोडं जास्त. एवढ्या काठावरून दिवसाला 3 लाख लिटरपेक्षा जास्त पाणी जाऊ नये, असा इंजिनिअर लोकांचा हिशेब आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे साडेतीन लिटर. 30 मीटर व्यासाची गोल टाकी असेल तर काठ 94 मीटर भरतो. त्यावरून दिवसाला 2 कोटी 80 लाख लिटर पाणी सुखानं जातं.

मात्र सगळ्या खाचा एका पातळीत हव्यात. एक बाजू दोन बोटं खाली गेली तर पाणी तिकडंच धावतं. म्हणून खाचांची पट्टी वेगळी करतात आणि तिची बोल्टांची भोकं लांबट ठेवतात. पट्टी वरखाली करून, पाण्याच्या पातळीला लावून मग बोल्ट आवळतात.

पूर्वी पन्हळी काँक्रीटच्या किंवा साध्या लोखंडाच्या करत. लोखंड अर्धं पाण्यात, अर्धं हवेत राहिलं की लवकर गंजतं. खाचा झिजतात, पातळी बिघडते. काँक्रीटवर शेवाळ घट्ट धरतं. म्हणून आता स्टेनलेस स्टील वापरतात. यातही लोखंडच असतं, पण नेहमीच्या जातीत शंभर भागांत सुमारे 18 भाग क्रोमियम आणि 8 भाग निकेल असतं. क्रोमियममुळं पत्र्यावर एक अगदी पातळ थर तयार होतो. ओरखडा पडला तरी तो थर पुन्हा धरतो. शेवाळ यावरही येतं, पण ब्रशनं सहज निघतं.

क्लोरीन जास्त झालं तर मात्र या पत्र्यालाही बारीक भोकं पडतात. अशा ठिकाणी 316 नंबरचं स्टील घेतात. ते महाग पडतं, पण आमच्या मते इथं काटकसर नको. बोल्टही त्याच जातीचे हवेत. साधा लोखंडी बोल्ट या पत्र्याला लागून राहिला की अधिकच लवकर गंजतो.

पुष्कळांना वाटतं, पाण्यात क्लोरीन घातलं की काम झालं. क्लोरीननं जंतू मरतात हे खरं. पण मातीच्या पुंजक्यात दडलेल्या जंतूपर्यंत ते नीट पोचत नाही. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या आजाराची साथ आली. चालती-बोलती माणसं हातापायांतली ताकद जाऊन अंथरुणाला खिळली. काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू सापडले. दूषित पाण्यातून ते पोटात जाऊ शकतात. नांदेड-किरकटवाडीच्या बाजूला तेव्हा धरणाचं पाणी विहिरीत घेऊन नुसतं क्लोरीन घालून सोडत. निवळण्याची टाकी आणि गाळणी त्या वाटेत नव्हती.

जलकेंद्र पाहायचा योग आला तर टाकीच्या काठानं एक फेरी मारा. सगळ्या खाचांतून सारखी धार पडताना दिसली पाहिजे. एका बाजूला धो धो आणि दुसऱ्या बाजूला खाचा कोरड्या असं दिसलं, तर पट्टी हललेली असते.