कॅनबेरात मांजर पाळायचं तर

कुत्रा दाराशी बांधायचा आणि मांजर मोकळं असायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. माजघरातून अंगणात, अंगणातून शेजारच्या गच्चीवर, रात्री कुठेतरी आणि पहाटे पुन्हा दुधाच्या वाटीपाशी. त्यामुळे मांजराला घरातच ठेवण्याचा कायदा असतो, हे ऐकून नवल वाटतं. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा इथे तो आहे. १ जुलै २०२२ पासून पुढे जन्मलेलं कोणतंही पाळीव मांजर तिथे मोकळं सोडता येत नाही. हा कायदा का आला आणि तो कसा चालतो, ते पायरीपायरीने पाहू.

मांजर हा ऑस्ट्रेलियाचा मूळचा प्राणी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश वसाहतवाल्यांबरोबर ते तिथे पोचलं. पुढच्या शंभरेक वर्षांत त्याची रानटी झालेली पिल्लावळ खंडभर पसरली. आज देशाच्या ९९ टक्क्यांहून अधिक भूभागावर रानटी मांजरं आहेत. बँडिकूट, बेटाँग, बिल्बी असे तिथले लहान प्राणी लाखो वर्षं मांजराशिवाय वाढले. दबा धरून अचानक झडप घालणाऱ्या या शिकाऱ्यापुढे ते टिकले नाहीत. तिथून कायमच्या नाहीशा झालेल्या सस्तन प्राण्यांपैकी वीसहून अधिक जातींच्या विनाशात मांजरांचा वाटा आहे.

पण ही झाली रानातल्या मांजरांची गोष्ट. सोफ्यावर झोपणाऱ्या, वेळेवर खाऊ मिळणाऱ्या मांजराचा यात काय संबंध? इथेच बहुतेकांची गफलत होते. मांजराची भूक आणि शिकारीची ऊर्मी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांजराचा रानातला पूर्वज उंदीर-पाखरांसारख्या छोट्या शिकारीवर जगत असे आणि त्याच्या कितीतरी झडपा वाया जात. भूक लागेपर्यंत थांबणं त्याला परवडत नव्हतं. समोर काही हललं की झेप घ्यायची, ही सवय त्याच्या रक्तात आली आणि पोट भरलेलं असलं तरी ती जात नाही.

ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासकांनी याचा हिशेब मांडला आहे. बाहेर फिरून शिकार करणारं एक पाळीव मांजर वर्षाला सरासरी १८६ जीव मारतं. त्यातले ११० तिथले मूळचे असतात: ४० सरपटणारे प्राणी, ३८ पक्षी आणि ३२ सस्तन प्राणी. यातली जेमतेम १५ टक्के शिकार मांजर घरी आणतं. म्हणजे मालकाला तीन मेलेले जीव दिसले, तर प्रत्यक्षात वीस गेलेले असतात. ‘आमची मनी काही मारत नाही’ असं मालक अगदी मनापासून सांगतात, याचं कारण हे आहे.

यात आणखी एक बारकावा आहे. रानात शिकार घटली की शिकारीही उपाशी मरतात, त्यांची संख्या उतरते आणि उरलेल्या जीवांना पुन्हा वाढायला उसंत मिळते. वस्तीत तसं होत नाही. एका गल्लीत पाच-सात मांजरं असतात आणि सगळ्यांच्या वाट्या घरातून भरल्या जातात. परिसरातली शेवटची पाल आणि शेवटचं पाखरू संपलं तरी मांजरं तेवढीच राहतात. म्हणूनच एक चौरस किलोमीटरचा हिशेब केला, तर पाळीव मांजरांच्या वस्तीतली शिकार रानटी मांजरांच्या रानातल्या शिकारीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त भरते.

आता कायद्याकडे वळू. त्याच्या तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी ओळखीची. पिल्लू बारा आठवड्यांचं होण्याआधी त्याला मायक्रोचिप लावावी लागते. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सुईने सरकवतात. तिच्यात बॅटरी नसते. वाचक यंत्र जवळ धरलं की तेवढ्यापुरता एक क्रमांक उमटतो आणि नोंदवहीतून मालकाचं नाव कळतं. हरवलेलं मांजर घरी परत येतं ते या क्रमांकामुळे, आणि जबाबदार कोण हे ठरतं तेही त्याच्यामुळेच.

दुसरी पायरी निर्बीजीकरणाची. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि जेमतेम नऊ आठवड्यांत विते. म्हणून कॅनबेरात तीन महिन्यांची मुदत ठरवली आहे. नको असलेली पिल्लं जन्मली नाहीत, तर ती रानाच्या कडेला सोडलीही जात नाहीत.

तिसरी पायरी बंदिस्तीची. मांजर घरात, जाळी लावलेल्या गॅलरीत किंवा अंगणातल्या जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात राहू शकतं. बाहेर न्यायचं तर पट्टा लावून किंवा टोपलीत घालून. नियमाला जन्मतारीख जोडली आहे ती विचारपूर्वक. आयुष्यभर मोकळं फिरलेल्या मांजराला एकदम कोंडणं क्रूरपणाचं ठरलं असतं. त्यामुळे जुनी मांजरं बहुतेक ठिकाणी आपल्या रीतीने जगतील आणि नवी पिढी लहानपणापासून घराची सवय घेऊनच वाढेल.

काही उपनगरांत मात्र आधीपासूनच सर्व मांजरांना हा नियम होता. फोर्ड आणि बॉनर ही त्यांपैकी दोन. त्यांच्या कुशीला मुलिगन्स फ्लॅट हे कुंपण घातलेलं अभयारण्य आहे. मुख्य भूमीवरून नाहीसा झालेला बेटाँग टास्मानियातून आणून तिथे पुन्हा वसवला आहे. पण कुंपणाबाहेर उडून आलेल्या पाखराला कुंपणाचा काय उपयोग? त्याचं रक्षण शेजारच्या घरांनीच करायचं असतं.

गळ्यात घंटा बांधून भागणार नाही का? घंटेने शिकार थोडी कमी होते, थांबत नाही. शिवाय घरट्यातल्या पिल्लाला घंटा ऐकू आली तरी उडता कुठे येतं? त्यापेक्षा भरपूर मांस असलेलं अन्न आणि रोज पाच-दहा मिनिटांचा खेळ अधिक उपयोगी पडतो. इंग्लंडमधल्या एका प्रयोगात मांसयुक्त अन्नाने मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी आणि खेळाने २५ टक्क्यांनी घटली. घरात राहणाऱ्या मांजराला चढायला उंच फळी, नखं घासायला खांब आणि बसायला खिडकी दिली की ते सुखाने राहतं. वाहनांपासून, मारामाऱ्यांपासून आणि रोगांपासूनही वाचतं.

महाराष्ट्रात परिस्थिती वेगळी आहे. इथले पक्षी आणि सरडे मांजरकुळातल्या शिकाऱ्यांबरोबरच वाढले. रानमांजर आणि चिमुकली वाघाटी इथलीच. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांसाठीही परवान्याचा नियम केला, पण मांजर घरात ठेवायची सक्ती आपल्याकडे नाही. तरी मोकळ्या मांजराची ऊर्मी इथेही तीच आहे, आणि रानालगत घर असेल तर त्याचे रोग रानमांजरांपर्यंत पोचू शकतात.

मांजराला दोष देण्यात अर्थ नाही. ते त्याच्या स्वभावाने वागतं. निवड करायची असते ती आपण. तुमच्या घरी मांजर असेल तर त्याचं निर्बीजीकरण आणि लसीकरण करून घ्या, संध्याकाळनंतर त्याला आत घ्या आणि निदान पाखरांच्या विणीच्या दिवसांत दार लावून ठेवा. आपलं लाडकं मांजर आणि अंगणातलं पाखरू, दोघंही आपल्याच भरवशावर आहेत.