शून्य मृत्यूंचा महामार्ग

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे 95 किलोमीटरचा. 2016 मध्ये त्यावरच्या अपघातांत 151 जणांचा जीव गेला. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था आणि महिंद्र ही वाहन कंपनी यांनी मिळून इथे ‘झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर’, म्हणजे शून्य मृत्यूंचा मार्ग, हा उपक्रम सुरू केला.

या कामाची खरी ताकद तपासात आहे. प्रत्येक गंभीर अपघातानंतर गुन्हा कोणाचा एवढ्यावर न थांबता माणूस नेमका कशामुळे दगावला, हे शोधलं जातं. उघडा काँक्रीटचा खांब? संरक्षक कठड्याचं टोकदार टोक? कडेला उभा केलेला ट्रक? मग तीच जागा दुरुस्त होते. सोबत वेगावर नजर आणि जखमींना लवकर मदत. 2018 मध्ये मृतांचा आकडा 110 वर आला. घट मोठीच, पण 110 घरं उजाडली, हेही विसरता येत नाही.

यामागचा विचार स्वीडनचा. तिथल्या संसदेने 1997 मध्ये ‘व्हिजन झिरो’ धोरण स्वीकारलं: माणूस चुकणारच, रस्ता असा बांधा की त्या चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागू नये.

जीव वाचवण्यात आपलाही वाटा आहे: जखमीला मदत करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 134-अ मदतकर्त्याला संरक्षण देतं. पोलीस नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत.