प्रायमरीची गर्दी काय सांगते?

४ मार्च २००८ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एकाच दिवशी दोन पक्षांच्या ‘प्रायमरी’ निवडणुका झाल्या. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत सुमारे २८ लाख ७५ हजार लोकांनी मत दिलं, तर रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत सुमारे १३ लाख ६२ हजार लोकांनी. एकीकडे दुसरीकडच्या दुपटीहून जास्त माणसं. हे आकडे पाहून कुणालाही वाटेल, की त्या वर्षी टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं वारं होतं.

आठ महिन्यांनी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. टेक्सासमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या जॉन मॅककेन यांना साडेपंचावन्न टक्के मतं पडली आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या बराक ओबामांना ४४ टक्क्यांहून थोडी कमी. दोन्ही वेळची मोजणी बरोबर होती. मग अंदाज का चुकला? याचं उत्तर शोधताना आकडे कसे वाचावेत, याचा चांगला धडा मिळतो.

प्रायमरी म्हणजे काय?

आपल्याकडे पक्षाचं तिकीट कुणाला द्यायचं हे पक्षाचे नेते ठरवतात. २०१४च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत उमेदवार मतदानाने निवडून पाहिले. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर इथे हा प्रयोग झाला. पण तिथे मत देणारे पक्षाचेच पदाधिकारी आणि प्रतिनिधी होते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हा निर्णय सर्वसामान्य मतदार करतात. त्यासाठी होणारी निवडणूक म्हणजे प्रायमरी. त्यात जिंकलेला उमेदवार नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या पक्षाच्या उमेदवारासमोर उभा राहतो.

टेक्सासमध्ये मतदारयादीत नाव नोंदवताना पक्ष सांगावा लागत नाही. मतदानाला गेल्यावर कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते मतदार सांगतो. त्या वर्षी मग दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत त्याला मत देता येत नाही.

सहलीचं उदाहरण

वर्गात ६० मुलं आहेत असं समजू. ३६ जणांना सहल गडावर न्यायची आहे, २४ जणांना समुद्रावर. कुठला गड आणि कुठला समुद्रकिनारा, हे दोन्ही गटांनी आपापल्या बैठकीत ठरवायचं. गडवाल्यांचं रायगडावर आधीच एकमत झालेलं, त्यामुळे बैठकीला नऊच जण येतात. समुद्रवाल्यांत मुरूड की गणपतीपुळे, यावर जोरदार वाद. त्यांच्या बैठकीला १८ जण हजर! बैठका पाहणाऱ्याला वाटेल, समुद्रवाले दुप्पट आहेत. पण सगळ्या वर्गाचं मत घेतलं तर गडच जिंकणार, ३६ विरुद्ध २४.

टेक्सासमध्ये २००८ साली नेमकं हेच झालं. डेमोक्रॅटिक पक्षात ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यात अटीतटीची लढत होती. रिपब्लिकन पक्षात मॅककेन यांचं नाव जवळपास ठरलेलं होतं. गर्दी चुरशीमागे गेली.

याचं टोकाचं उदाहरण आपल्या गावातच सापडेल. ग्रामपंचायतीत बिनविरोध निवडून आलेल्या सदस्याला एकही मत पडलेलं नसतं. त्याला शून्य पाठिंबा आहे असं काही आपण म्हणत नाही.

पाच निवडणुका शेजारी ठेवू

एका उदाहरणावर विसंबून राहू नये. म्हणून पुढचा तक्ता पाहा. प्रायमरीचे आकडे लाखांत आहेत आणि शेवटी नोव्हेंबरमधली रिपब्लिकन आघाडी शेकडा गुणांत दिली आहे.

२००८ : डेमोक्रॅटिक २८.७, रिपब्लिकन १३.६ — आघाडी १२
२०१२ : डेमोक्रॅटिक ५.९, रिपब्लिकन १४.५ — आघाडी १६
२०१६ : डेमोक्रॅटिक १४.४, रिपब्लिकन २८.४ — आघाडी ९
२०२० : डेमोक्रॅटिक २०.९, रिपब्लिकन २०.२ — आघाडी साडेपाच
२०२४ : डेमोक्रॅटिक ९.८, रिपब्लिकन २३.२ — आघाडी १४

डेमोक्रॅटिक प्रायमरीचा आकडा २००८ ते २०१२ या चार वर्षांत एकपंचमांशावर आला. पक्षाचे समर्थक इतके घटले होते का? नोव्हेंबरमधला फरक फक्त चार गुणांनी वाढला. २०१२ साली ओबामा अध्यक्ष होते आणि त्यांना पक्षात आव्हानच नव्हतं. २०१६ साली टेक्सासचेच सिनेटर टेड क्रूझ, डोनाल्ड ट्रम्प आणि मार्को रुबिओ यांच्या लढतीमुळे रिपब्लिकन प्रायमरीचा आकडा २०१२च्या जवळजवळ दुप्पट झाला. नोव्हेंबरमधली आघाडी मात्र १६ वरून ९ वर उतरली.

पण चुरस हे एकच कारण असतं तर २०२० साली रिपब्लिकन प्रायमरी ओस पडायला हवी होती, कारण ट्रम्प यांच्यापुढे नाव घेण्यासारखं आव्हान नव्हतं. तरीही २० लाख लोक आले. प्रायमरीत अध्यक्षपदाबरोबर न्यायाधीश, शेरीफ अशा इतर पदांचेही उमेदवार निवडले जातात. जिथे एका पक्षाचा जोर असतो तिथे ही पदं त्याच पक्षाच्या प्रायमरीत ठरतात, म्हणून लोक तिथे जातात.

सवय मागे रेंगाळते

ही सवय किती चिवट असते हे १९७८ साली दिसलं. त्या वर्षी टेक्सासमध्ये गव्हर्नरची निवडणूक होती. हे पद आपल्या राज्यपालासारखं नसून मुख्यमंत्र्यासारखं, राज्याचा कारभार चालवणारं असतं. डेमोक्रॅटिक प्रायमरीत सुमारे १८ लाख मतं पडली, रिपब्लिकन प्रायमरीत जेमतेम १ लाख ५८ हजार. म्हणजे अकरापटीहून जास्त फरक. नोव्हेंबरमध्ये मात्र रिपब्लिकन पक्षाचे बिल क्लेमेंट्स सुमारे १७ हजार मतांनी जिंकले. १८७४ नंतर टेक्सासला मिळालेले ते पहिले रिपब्लिकन गव्हर्नर. नोव्हेंबरमध्ये लोकांचं मत बदललं होतं. प्रायमरीला जायची वाट मात्र जुनीच होती.

छेद कोणता?

टक्केवारी काढताना आपण अंशाकडे पाहतो आणि छेद विसरतो. २००८च्या त्याच २८ लाख ७५ हजारांना तीन प्रकारे भागून पाहा. दोन्ही प्रायमरींतल्या एकूण मतदारांशी तुलना केली तर ते ६८ टक्के होतात. १ कोटी २७ लाख ५० हजार नोंदणीकृत मतदारांशी केली तर साडेबावीस टक्के. राज्यातल्या सुमारे १ कोटी ७७ लाख प्रौढांशी केली तर १६ टक्के. (या प्रौढांत नागरिकत्व नसलेलेही धरले आहेत.) बातमीत ‘६८ टक्के’ छापलं तरी ते खरंच आणि ‘१६ टक्के’ छापलं तरी खरंच.

छेदात कुणाला धरायचं, हा प्रश्न टेक्सासमध्ये केवळ गणिताचा नव्हता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे डेमोक्रॅटिक उमेदवार नोव्हेंबरमध्ये जिंकणार हे गृहीतच असे. म्हणजे खरी निवडणूक प्रायमरीतच होई. १९२३ साली कायदा करून काळ्या नागरिकांना त्या प्रायमरीत मत द्यायला बंदी झाली. नोव्हेंबरमध्ये मत द्यायला त्यांना ही बंदी नव्हती, पण तोवर निकाल लागून गेलेला असे. एल पासो शहरातले डॉक्टर लॉरेन्स निक्सन याविरुद्ध न्यायालयात गेले. १९२७ आणि १९३२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मग पक्षानेच अधिवेशनात ठराव करून बंदी घातली आणि पक्ष ही खाजगी संस्था आहे असा युक्तिवाद झाला. १९३५ साली न्यायालयाने तो मान्यही केला. अखेर १९४४ साली ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या खटल्यात ही बंदी कायमची उठली.

आज दार उघडं आहे. पण १९९४ नंतर २०२४ पर्यंत टेक्सासमध्ये एकाही राज्यव्यापी पदावर डेमोक्रॅटिक उमेदवार निवडून आला नाही. म्हणजे आता रिपब्लिकन प्रायमरी निर्णायक ठरते. २०२२ साली तिच्यात साडेएकोणीस लाख मतं पडली, म्हणजे १ कोटी ७२ लाख नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे ११ टक्के. राज्य कोण चालवणार हे बरंचसं नवातल्या एकाने ठरवलं. पूर्वी कायदा लोकांना बाहेर ठेवत होता, आता बहुतेक जण स्वतःहून बाहेर राहतात.

वर्गात करून पाहा

आपल्या मतदारसंघाच्या गेल्या तीन विधानसभा निवडणुकांचे आकडे निवडणूक आयोगाकडून मिळतात. विजयी उमेदवाराची मतं आधी एकूण झालेल्या मतदानाने भागा, मग यादीतल्या सर्व मतदारांच्या संख्येने. शेजारी उमेदवारांची संख्या आणि विजयाचं अंतर लिहा. मतदान वाढलं ते पक्ष वाढल्यामुळे की चुरस वाढल्यामुळे, यावर मुलांना वाद घालू द्या. मात्र प्रत्येक दाव्याला एकच प्रश्न विचारायचा, की छेदात कोण कोण आहे?