उंचीला घाई मानवत नाही

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की महाराष्ट्रातील तरुणांना हिमालयाचे वेध लागतात. १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले आणि २०१२ साली ‘गिरिप्रेमी’च्या गिर्यारोहकांनी तेच शिखर सर केले. अशा पराक्रमांनी बारामती तालुक्यातील लोणी भापकरसारख्या अवर्षणग्रस्त गावातील एखाद्या शिक्षकालाही हिमालयातील आठ-दहा दिवसांच्या पदभ्रमणाची ओढ लागावी, हे स्वाभाविकच आहे.

असा मनुष्य पहाटे माळावर धावतो, जेजुरीच्या पायऱ्या चढतो, रविवारी पुरंदर गाठतो. हे सारे आवश्यकच आहे. पाठीवर ओझे घेऊन लागोपाठ दोन-तीन दिवस चालण्याची सवय आणि आधी वापरून पायांना बसलेले बूट यांवाचून निघणे हा अविचार होय. तथापि या तयारीने पाय आणि दम कसदार होतात. उंचीची तयारी होत नाही. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. हिमालयातील अनेक वाटा त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर जातात. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश, तर साडेपाच हजारांवर निम्माच उरतो. या विरळ हवेशी शरीर जुळवून घेते, परंतु त्याला दिवस लागतात. धडधाकट मनुष्यही याला अपवाद नाही. उलट दमदार तरुण भराभर चढतो आणि लवकर आजारी पडतो.

यासाठी गिर्यारोहकांचा नियम साधा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रात्रीचा मुक्काम आदल्या दिवशीपेक्षा पाचशे मीटरहून अधिक उंचावर करू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. डोके दुखू लागले, मळमळले, अन्न नकोसे झाले, तर पुढे चढू नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला वा बोलणे असंबद्ध झाले, तर रात्र असो वा पाऊस, तत्काळ खाली उतरवावे. औषधे वैद्यांच्या सल्ल्याने जवळ असावीत. परंतु उतरण्याला ती पर्याय नव्हेत.

खरी अडचण येथेच आहे. नोकरदाराची रजा मोजकी, परतीचे तिकीट आधीच काढलेले. मग विसाव्याचा दिवस प्रथम कापला जातो आणि डोकेदुखी सोबत्यांपासून लपविली जाते. हवामान बिघडले तरी थांबण्यास सवड उरत नाही. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रतालच्या वाटेवर बावीस जणांची तुकडी हिमवादळात सापडली आणि नऊ जण दगावले. चार हजार मीटरवर हवामान किती थोड्या अवधीत पालटते, याची ती दारुण साक्ष आहे.

म्हणून पदभ्रमण ठरविताना सामानाच्या यादीआधी दिवसांचा हिशेब मांडावा. दोन दिवस राखीव ठेवावेत. ते जमत नसेल तर कमी उंचीची वाट निवडावी. कोणी आजारी पडल्यास त्याच्यासोबत कोण उतरणार, हे घरून निघण्यापूर्वीच ठरवावे. शिखर वा खिंड न गाठता परतलेल्यास आपण भित्रा ठरवितो, ही वृत्ती सोडणे हाही तयारीचाच भाग आहे. खिंड पुढच्या वर्षीही तेथेच असेल. तेथे पुन्हा जाण्यासाठी मनुष्य घरी सुखरूप परतला पाहिजे.